रबर छपरावर उशिरा का चढले?

मृगाचा पहिला पाऊस अंगणात उभे राहून पाहायला छान वाटतो. तोच स्वयंपाकघरात ओट्याशेजारी टपकू लागला की कौतुक संपते. मागच्या पावसाळ्यात आमच्या घराची गच्ची गळू लागली. बादल्या लावल्या, पातेली लावली, धान्याचे डबे हलवले. पाऊस ओसरल्यावर जाणकारांना विचारायला सुरुवात केली. एकाने सांगितले, जुना कोबा फोडा आणि विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घाला. दुसरा म्हणाला, डांबरी फेल्ट चिकटवा. तिसऱ्याने रंगासारखा लावायचा लेप सुचवला. चौथा म्हणाला, रबराची अखंड चादर अंथरा, म्हणजे कटकट नाही.

ही शेवटची सूचना ऐकून आमची आई हसली. ‘‘अरे, दोरीला अडकवलेले रबरबँड एका उन्हाळ्यात तुटून पडतात, आणि तुम्ही सबंध गच्चीला रबर घालायला निघालात?’’

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रबर पाणी अडवते हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. रेनकोट, गमबूट, होड्या, टायर अशा शेकडो ठिकाणी ते गेले. मग ज्या जागी पाणी अडवण्याची सर्वांत जास्त गरज, त्या घराच्या माथ्यावर ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत का रुजले नाही? आणि आता ते तिथे टिकते असे म्हणतात, तर मधल्या काळात असे काय बदलले? गच्चीचा निर्णय घेण्याआधी आम्ही या प्रश्नाचा मागोवा घ्यायचे ठरवले. हाती आले ते रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगे निघाले.

पाण्यापुढे टिकते, उन्हापुढे नाही

मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात एल मनाती नावाची एक पाणथळ जागा आहे. तिथल्या चिखलात रबराचे चेंडू सापडले. त्यांचे वय सुमारे साडेतीन हजार वर्षे. तिथले लोक एका झाडाचा पांढरा चीक गोळा करत आणि त्यात गारवेलीच्या जातीच्या एका वेलीचा रस मिसळत. त्यामुळे चीक साकळून लवचीक गोळा तयार होई. चीक कापडावर फासला की पाणी आत शिरत नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

युरोपातून आलेल्या स्पॅनिश लोकांनी ही युक्ती उचलली. हुआन दे तोर्केमादा या धर्मगुरूचा मेक्सिकोविषयीचा मोठा ग्रंथ 1615 साली प्रसिद्ध झाला. चीक लावलेल्या झग्यांबद्दल त्याने नोंद केली आहे, की हे झगे पाण्यापुढे चांगले टिकतात, पण उन्हापुढे टिकत नाहीत. म्हणजे आईने घेतलेली हरकत चारशे वर्षांपूर्वीच नोंदवली गेली होती! पुढचा सगळा इतिहास या एका हरकतीचे उत्तर शोधण्याचा आहे.

युरोपातील शास्त्रज्ञांचे लक्ष रबराकडे वेधले ते ला काँदामीन या फ्रेंच विद्वानाने. पृथ्वीचा आकार नक्की कसा आहे हे ठरवण्यासाठी विषुववृत्तावर मोजणी करायला निघालेल्या मोहिमेत तो होता. 1736 साली त्याने रबराचे नमुने पॅरिसला पाठवले. 1770 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीने लिहिले, की शिसपेन्सिलीच्या खुणा पुसायला हा पदार्थ उत्तम आहे. इंग्रजीतले ‘रबर’ हे नाव या घासण्यावरूनच पडले. आपला ‘खोडरबर’ हा शब्द त्यामुळे मोठा गमतीचा आहे. खोडणे त्यात दोनदा आले.

अडचण अशी होती, की चीक झाडापासून दूर नेईपर्यंत साकळून घट्ट होई. घट्ट झालेले रबर कापडावर पसरायचे तर ते आधी कशात तरी विरघळले पाहिजे. टर्पेंटाइन हा एक द्रावक सापडला. 27 ऑगस्ट 1783 रोजी झाक शार्लने पॅरिसमध्ये हायड्रोजन भरलेला पहिला फुगा आकाशात सोडला, तो टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेले रबर लावलेल्या रेशमी कापडाचा होता. फुगा गावाबाहेर जाऊन पडला तेव्हा घाबरलेल्या खेडुतांनी त्याच्या चिंध्या केल्या. हायड्रोजनसारखा वायूही रबर बऱ्यापैकी अडवते हे मात्र सिद्ध झाले.

गॅसच्या कारखान्यातून रेनकोट आणि छप्पर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधील शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. हा गॅस दगडी कोळसा तापवून काढत. मागे डांबर उरे आणि त्याचे काय करायचे हा कारखान्यांपुढे प्रश्न असे. ग्लासगोचा रसायन-कारखानदार चार्ल्स मॅकिंटॉश हे डांबर विकत घेऊ लागला. त्यातून मिळणाऱ्या नॅप्था या पातळ तेलात रबर छान विरघळते हे त्याच्या लक्षात आले. दोन कापडांच्या मध्ये या द्रावणाचा थर द्यायचा आणि कापडे एकमेकांवर दाबायची, ही त्याची युक्ती. 1823 साली त्याला तिचे पेटंट मिळाले. वरखाली कापड असल्यामुळे चिकट रबर अंगाला लागत नसे. इंग्रजीत रेनकोटला आजही त्याच्या नावाने ओळखतात.

हे द्रावण तुमच्या गावातही आहे. सायकलचे पंक्चर काढणारा ट्यूबवर ज्या नळीतले ‘सोल्यूशन’ लावतो, ते द्रावकात विरघळवलेले रबरच असते. द्रावक उडून जातो आणि रबर मागे राहते.

मॅकिंटॉशच्या कोटाच्या तक्रारी मात्र लगेच सुरू झाल्या. थंडीत तो लाकडासारखा ताठ होई, उन्हाळ्यात चिकट होई आणि वास तर कायमचाच. आणखी एक तक्रार छपराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कापड कितीही पक्के असले तरी शिंपी ते शिवत, आणि सुईच्या भोकांतून पाणी आत येई. पाणी अडवणारी वस्तू पसरलेल्या भागात क्वचितच हरते. ती हरते जोडावर. ही गोष्ट आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

गॅसच्या कारखान्यातले उरलेले जाड डांबर कुठे गेले? त्यातले काही छपरांवर गेले. 1840च्या दशकात अमेरिकेत जाड कागद किंवा नमदा कोळशाच्या डांबरात भिजवून, त्याचे थर एकावर एक चिकटवून, वर खडी पसरण्याची पद्धत सुरू झाली. पुढे खनिज तेलातून मिळणारे डांबरही त्यासाठी वापरात आले. सपाट छपरे त्यामुळे शक्य झाली. म्हणजे एकाच काळ्या घाणीतून निघालेल्या पातळ तेलाने माणसाचे अंग झाकले आणि जाड डांबराने त्याचे घर. पुढची शंभराहून अधिक वर्षे सपाट छपरावर डांबराचेच राज्य होते.

उतरत्या छपराला याची गरज नव्हती. कौलारू घरात कौलांमध्ये फटी असतात, तरी घर गळत नाही. कारण पाण्याला थांबायला वेळच मिळत नाही. उतार पाणी घालवतो. सपाट छपराला ते अडवावे लागते. या दोन क्रियापदांतला फरक मुलांच्या लक्षात आणून दिला, तर छपरांचे निम्मे शास्त्र समजते.

गुडइयरची शेगडी

1830च्या सुमारास अमेरिकेत रबराची लाट आली. कोट, बूट, टोप्या, गाड्यांची आच्छादने असे सगळे रबराचे निघाले. कंपन्यांनी भांडवल ओतले. मग कडक उन्हाळा आला आणि माल वितळून दुर्गंधी सुटलेले गोळे उरले. गिऱ्हाइकांनी माल परत केला, कंपन्या बुडाल्या.

अशा वेळी चार्ल्स गुडइयर या कर्जबाजारी माणसाने रबराला ‘बरे’ करण्याचा ध्यास घेतला. त्याला रसायनशास्त्राचे शिक्षण नव्हते. त्याने मॅग्नेशिया घालून पाहिले, चुना घालून पाहिला, नायट्रिक आम्लाने रबर धुऊन पाहिले. आम्लाच्या पद्धतीवर विश्वासून त्याने सरकारसाठी टपालाच्या दीडशे पिशव्या केल्या. उन्हाळ्यात त्याही मऊ पडून वाया गेल्या. नॅथॅनिएल हेवर्ड नावाच्या माणसाकडून त्याने रबरात गंधक मिसळण्याची कल्पना विकत घेतली. 1839 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळायला हवे होते. त्याऐवजी ते चामड्यासारखे करपले, आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचीक, न चिकटणारी एक पट्टी राहिली.

या पट्टीचे महत्त्व कळायला नजर लागते. अपघात पुष्कळांच्या हातून होतात. पाच वर्षे त्याच एका प्रश्नाशी झगडणाऱ्यालाच तो अपघात उत्तरासारखा दिसतो. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ हे ठरवायला त्याला आणखी काही वर्षे लागली. 1844 साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने त्याच्या आधीच, 1843 मध्ये, पेटंटसाठी अर्ज केला होता. हॅन्कॉकच्या एका मित्राने रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून या क्रियेला व्हल्कनीकरण हे नाव सुचवले. गुडइयर 1860 साली वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

व्हल्कनीकरणात काय होते हे गुडइयरला सांगता आले नसते. रबराचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबलचक साखळ्या. कच्च्या रबरात त्या भांड्यातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या, पण सुट्या असतात. ऊन लागले की त्या एकमेकींवरून घसरतात आणि रबर चिकट होते. गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. मग साखळ्या ताणल्या जातात, पण घसरून दूर जात नाहीत. ओढ सोडली की जागेवर येतात.

झाले, उन्हाचा प्रश्न सुटला! असे सर्वांना वाटले. पुढे सायकली आल्या, 1888 साली डनलॉपने हवेचे टायर काढले, मोटारी आल्या. रबराची भूक इतकी वाढली, की बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये चीक गोळा करून घेण्यासाठी लोकांवर भयंकर अत्याचार झाले. 1904 साली रॉजर केसमेंटच्या अहवालाने ते जगापुढे आले. दरम्यान 1876 साली हेन्री विकमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या होत्या. त्यांतल्या थोड्याच रुजल्या, पण त्यांची रोपे श्रीलंकेत आणि मलायात पोचली. भारतात 1902 साली केरळात पेरियार नदीकाठी पहिली व्यापारी लागवड झाली. आज सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही रबराच्या बागा दिसतात.

एवढे रबर पिकू लागले, स्वस्त झाले, तरी ते छपरावर गेले नाही. का?

लॉस एंजेलिसचे तडकलेले टायर

आईचे रबरबँड हे व्हल्कनीकरण केलेल्या रबराचेच असतात. ते उन्हात वितळत नाहीत. ते तडकतात. म्हणजे तोर्केमादाच्या काळातले दुखणे गेले आणि त्याच्या मागे लपलेले दुसरे दुखणे उघडे पडले.

या दुखण्याची मोठी साक्ष अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने दिली. 1940च्या दशकात तिथे डोळे चुरचुरवणारे विचित्र धुरके पडू लागले. त्याच शहरात मोटारींच्या टायरच्या कडा इतर ठिकाणांपेक्षा लवकर तडकत होत्या. जवळच्या पॅसाडेना इथे आरी हागेन-स्मिट हा जीवरसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादातील द्रव्यांचा अभ्यास करत होता. तो धुरक्याकडे वळला आणि त्याने दाखवून दिले, की मोटारींचा व कारखान्यांचा धूर सूर्यप्रकाशात एकमेकांशी क्रिया करतो आणि त्यातून ओझोन तयार होतो. रबर तडकवणारा हाच. इतकेच नाही, तर रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला तडा जायला किती वेळ लागतो ते पाहायचे, यावरून हवेतील ओझोन मोजण्याची पद्धतही त्याने आणि ब्रॅडलीने 1951 साली प्रसिद्ध केली. एरवी ज्याला दोष म्हणायचे, तेच मोजमापाचे साधन झाले.

आता रेणूकडे परत जाऊ. दहावीच्या पुस्तकात संपृक्त आणि असंपृक्त हायड्रोकार्बन येतात. असंपृक्त रेणूत कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो आणि रासायनिक क्रियेला तोच चटकन तयार होतो. नैसर्गिक रबराची साखळी आयसोप्रीन या पाच कार्बनच्या घटकापासून बनते, आणि प्रत्येक घटकात एक दुहेरी बंध असतो. गंधक पूल बांधू शकतो तो या दुहेरी बंधांच्या आधारानेच. पण पुलांसाठी त्यांतले थोडेसेच कामी येतात. उरलेले हजारो बंध तसेच राहतात आणि ओझोन नेमका त्यांच्यावर हल्ला करतो. जमिनीलगतच्या हवेत ओझोनचे प्रमाण दहा कोटी भागांत दोन-पाच भाग एवढे नगण्य असले, तरी ते पुरते. साखळी तुटते, ताणलेले रबर तिथे फाकते, आतला नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि भेग खोल जाते.

म्हणजे गुडइयरला ज्या दुहेरी बंधाने तारले, त्याच दुहेरी बंधाने रबराला छपरावर मारले. छपरावरची चादर ही रात्रंदिवस उघडी असते आणि थोडीफार ताणलेलीही असते. दहा मीटर लांबीचा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब तापमान 30 अंशांनी वाढले की सुमारे 3 मिलिमीटर लांब होतो आणि रात्री तेवढाच आखडतो. टायर चार-पाच वर्षांत बदलता येतो. छप्पर कोण बदलणार?

दोऱ्यातला बंध आणि गोंड्यातला बंध

उपाय स्पष्ट होता, पण अवघड होता. व्हल्कनीकरणापुरते दुहेरी बंध हवेत, आणि ओझोनला सापडतील असे नकोत.

पहिले पाऊल 1937 साली पडले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी आयसोब्युटिलीन या वायूत अगदी थोडे आयसोप्रीन मिसळून ब्यूटाइल रबर तयार केले. यात दुहेरी बंध शेकडा एक-दोनच. 1942च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकले, तेव्हा अमेरिकेला मिळणारे बहुतेक सारे नैसर्गिक रबर बंद झाले. त्या निकडीत कृत्रिम रबराचे मोठाले कारखाने उभे राहिले. ब्यूटाइल हवा उत्तम धरून ठेवते म्हणून ते ट्यूबसाठी गेले. आज बहुतेक ट्यूब त्याच्याच असतात.

दुसरे पाऊल युरोपात पडले. 1953 साली जर्मनीत कार्ल झीग्लरने आणि 1954 साली इटलीत जुलिओ नात्ताने असे उत्प्रेरक शोधले, की इथिलीन आणि प्रोपिलीन यांसारख्या साध्या वायूंच्या हव्या तशा साखळ्या जोडता येऊ लागल्या. दोघांना 1963 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. इथिलीन आणि प्रोपिलीन एकत्र जोडले तर मऊ, लवचीक पदार्थ मिळतो आणि त्याच्या साखळीत दुहेरी बंध मुळीच नसतो. ओझोनला हात घालायला जागाच नाही. पण मग गंधकालाही नाही!

यावर काढलेली तोड फार सुंदर आहे. साखळीत अधूनमधून तिसरा एक घटक जोडायचा, ज्यात दोन दुहेरी बंध आहेत. एक बंध साखळी जोडण्यात खर्च होतो आणि दुसरा साखळीच्या बाहेर, बाजूला लोंबकळत राहतो. फुलांची माळ डोळ्यांपुढे आणा. नैसर्गिक रबरात दुहेरी बंध माळेच्या दोऱ्यातच आहे; तो तुटला की माळ तुटली. नव्या रबरात तो माळेला लावलेल्या गोंड्यात आहे. गंधक गोंड्याला धरून पूल बांधतो. ओझोनने एखादा गोंडा तोडलाच, तरी माळ शाबूत राहते.

हे रबर 1960च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले. त्याचे नाव ईपीडीएम. ई म्हणजे इथिलीन, पी म्हणजे प्रोपिलीन, डी म्हणजे दोन दुहेरी बंधांचे डाइन, आणि एम ही मुख्य साखळी संपृक्त असलेल्या रबरांच्या वर्गाची खूण. मोटारीच्या दाराभोवतीची काळी पट्टी सहसा याचीच असते. ती वर्षानुवर्षे उन्हात राहूनही तडकत नाही. तिचा काळा रंग काजळीचा. काजळी सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून घेते आणि रबराला बळकटीही देते.

तळ्यांना अस्तर लावायला आणि छपरांवर अंथरायला हे रबर लवकरच वापरले जाऊ लागले. तरी डांबर हटले नाही, कारण ते स्वस्त होते. 1973 साली तेलाचे भाव भडकले आणि तेलावर अवलंबून असलेले डांबरही महागले. मग मात्र अमेरिकेतील गोदामे, शाळा आणि दुकाने यांच्या सपाट छपरांवर रबराच्या चादरी झपाट्याने आल्या. पुढे ब्रिटन आणि इतर देशांत घराला वाढवलेल्या खोल्या आणि गॅरेज यांच्यावरही त्या दिसू लागल्या. शोध लागणे आणि तो माणसांच्या घरी पोचणे, यांत बाजारभाव असा मध्ये उभा असतो.

पुन्हा शिंप्याची सुई

रबर छपरावर चढले, आता ते गळत नसेल? सुरुवातीची अनेक छपरे गळली! चादर धड होती, जोड उसवले होते. व्हल्कनीकरण झालेले रबर तापवून वितळत नाही, म्हणून प्लॅस्टिकसारखे दोन तुकडे उष्णतेने सांधता येत नाहीत, चिकटवावेच लागतात. आधी वापरात असलेले निओप्रीनचे चिकटद्रव्य ओलाव्याने कमजोर होई. नंतर ब्यूटाइलचे चिकटद्रव्य आले, आणि पुढे तयार चिकटपट्ट्या आल्या, तेव्हा जोड टिकू लागले. काही ठिकाणी चादर वर्षांनुवर्षांत आखडून कठड्याच्या कोपऱ्यात ताणली गेली आणि भिंतीपासून सुटली. मॅकिंटॉशचा शिंपी दीडशे वर्षांनी छपरावर पुन्हा भेटला तो असा.

मग गच्चीवर काय घालावे?

इतिहासाने आम्हाला काही प्रश्न विचारायला शिकवले. ते तुमच्याही उपयोगी पडावेत.

पहिला प्रश्न: रबर म्हणजे कोणते रबर? दुकानात ‘रबर’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू ईपीडीएम नसते. सिमेंटमध्ये मिसळायचे जे दुधाळ द्रव्य मिळते, त्यात बऱ्याचदा स्टायरीन-ब्युटाडाइन रबर असते. त्याचे दुहेरी बंध दोऱ्यातच असतात. सिमेंटच्या आत झाकलेले असताना ते चांगले काम करते; उघड्या उन्हात लावायचा तो पदार्थ नव्हे. रबर मिसळलेले डांबर हा आणखी तिसराच प्रकार.

दुसरा: चादर किती जाड? घरांसाठी साधारण 1.1 ते 1.5 मिलिमीटर जाडी वापरतात. लहान छपराला एकच अखंड तुकडा पुरतो, आणि जोड नाही तर जोडाचे दुखणेही नाही.

तिसरा: गच्चीचा वापर कशासाठी? परदेशातील सपाट छपरावर सहसा कोणी जात नाही. आपल्या गच्चीवर पापड वाळतात, गाद्यांना ऊन देतात, उन्हाळ्यात झोपतात, मुले पतंग उडवतात. टाकीच्या लोखंडी पायांनी रबर फाटू शकते. त्यावर तेल सांडले तर ते फुगते, कारण ईपीडीएम पाण्याला दाद देत नसले तरी तेलाला देते. ज्या गच्चीवर माणसांचा राबता आहे, तिथे चादरीवर फरशीचे संरक्षण हवे.

चौथा: उष्णता. काळी चादर पडणारा बहुतेक सगळा सूर्यप्रकाश शोषून घेते. थंड देशात हे चालून जाते, विदर्भ-मराठवाड्यात खालच्या खोलीत बसवणार नाही. पांढरी चादर किंवा वर पांढरा लेप हवा.

पाचवा: स्लॅब कोरडा आहे का? आत ओल असताना वरून झाकले, तर उन्हात तिची वाफ होते आणि चादरीला फोड येतात. पावसाळ्यात घाईने केलेले काम म्हणून फसते.

आणि सर्वांत शेवटी, खरे तर सर्वांत आधी: पाणी थांबते कुठे? आमच्या गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून पाहिले. पाणी पाइपकडे न जाता एका कोपऱ्यात साचत होते, आणि तिथेच कठड्याच्या भिंतीशी बारीक फट होती. कोबा बाकी सगळीकडे धड होता. आम्ही उतार दुरुस्त केला, कोपऱ्यातली गोलाई नव्याने करून घेतली आणि गच्चीवर कोबाच ठेवला. जिन्याच्या खोलीवरच्या लहान स्लॅबवर कोणी चढत नाही. तिथे मात्र ईपीडीएमची एकसंध चादर घातली, वर पांढरा लेप दिला. आईला मोटारीच्या दाराची पट्टी दाखवली. ती ओढून, वाकवून पाहून ती म्हणाली, ‘‘हे रबर निराळे आहे, असे आधी सांगायचे.’’ तिच्या प्रश्नाचे याहून थोडक्यात उत्तर आम्हालाही देता आले नसते.

वर्गात करून पाहा

1. एकाच पाकिटातले सहा रबरबँड घ्या. दोन लाकडी फळीवर खिळ्यांमध्ये ताणून उन्हात ठेवा, दोन न ताणता उन्हात ठेवा, दोन ताणून बंद डब्यात ठेवा. दर आठवड्याला भिंगातून पाहा. भेगा आधी कशावर पडतात? त्या ताणाच्या दिशेने असतात की आडव्या?

2. त्याच फळीवर जुन्या ब्यूटाइल ट्यूबची आणि मोटारीच्या दाराच्या जुन्या पट्टीची एकेक चिरफळी ताणून ठेवा. रबरबँड तुटेपर्यंत यांचे काय होते?

3. सुती कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये पंक्चरच्या सोल्यूशनचा पातळ थर देऊन ते दाबून वाळवा. वर पाणी ओतून पाहा. मग सुईने चार टाके घाला आणि पुन्हा ओता. हे काम शिक्षकांनी मोकळ्या हवेत करावे. सोल्यूशन ज्वालाग्राही असते, जवळ आग नको.

4. मुलांना आपापल्या वस्तीतील छपरे पाहायला सांगा. कौले, पत्रा, स्लॅब, ताडपत्री: कोणते छप्पर पाणी घालवते आणि कोणते अडवते? गळते ते मधोमध की जोडावर?

या निरीक्षणांत काय आढळले ते आम्हाला जरूर कळवा. रबरबँड किती दिवसांत तडकले ते गावाच्या नावासह लिहा. निरनिराळ्या गावांचे आकडे शेजारी मांडले, तर हागेन-स्मिटने पॅसाडेनात विचारलेला प्रश्न आपल्याला इथेही विचारता येईल.